उड्या मोजायच्या की खुणा? संख्यारेषेवर तुमचे प्रश्न

गेल्या अंकात संख्यारेषेवर, म्हणजे सारख्या अंतरावर ०, १, २ असे आकडे मांडलेल्या रेघेवर, एक छोटं टिपण दिलं होतं. त्यात एवढंच होतं की गुणाकार म्हणजे शून्यापासून निघून सारख्या लांबीच्या उड्या मारत जाणं आणि भागाकार म्हणजे दिलेल्या आकड्यापर्यंत पोचायला तशा किती उड्या लागतात ते बघणं. वाटलं होतं दोनचार मेल येतील, पण आले भरपूर आणि त्यातले बरेचसे चक्क भांडणाच्या सुरात! सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, सेमी इंग्लिशला. पाढे दहापर्यंत पाठ आहेत, चार त्रिक बारा झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण संख्यारेषेवर ४ × ३ दाखव म्हटलं की उत्तर कधी ९, कधी १०, कधी १३. बारा येतच नाही. आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही, पाढ्याचं बारा वेगळं आणि रेषेवरचं वेगळं असंच त्याच्या डोक्यात आहे. ओरडले तर रडायला लागतो. काय करू? (एक आई, तळेगाव)

उत्तर: ताई, आधी ओरडणं थांबवा, कारण तुमच्या पोराच्या चुका एकदम कामाच्या आहेत. ९, १०, १३ हे आकडे उगाच आलेले नाहीत, प्रत्येकामागे एक ठरलेली चूक आहे आणि कुठली ते उत्तरावरूनच कळतं.

९ कसे येतात बघा. मुलगा शून्यावर बोट ठेवतो आणि शून्यालाच 'एक' म्हणतो, मग १ च्या खुणेला 'दोन', २ ला 'तीन', ३ ला 'चार', झाली उडी. म्हणजे चारची उडी तीनवरच संपली, पुढची परत ३ पासून मोजली की ६ आणि मग ९. तो खुणा मोजतोय, आणि जिथे उभा आहे ती खूणसुद्धा मोजतोय. १३ आले तर उड्या बरोबर चारच्याच आहेत पण तो निघाला १ पासून, एकावरून पाच, नऊ, तेरा. आणि १० म्हणजे दोन्ही चुका एकत्र, निघाला एकावरून आणि उभी असलेली खूणही मोजली, तर एक, चार, सात, दहा. आता पुढच्या वेळी उत्तर चुकलं की बरोबर काय ते सांगू नका, कुठून निघालास आणि पहिली उडी कुठे संपली एवढे दोनच प्रश्न विचारा.

मुळात गोष्ट अशी की आपण पोरांना लहानपणापासून वस्तू मोजायला शिकवतो. पेन्सिली मोज, गोट्या मोज, बोट लावायचं आणि एक म्हणायचं. रेषेवर आल्यावर अचानक नियम बदलतो, तिथे मोजायची असते दोन खुणांच्या मधली जागा, आणि हे त्याला कुणी तोंडाने सांगितलेलंच नसतं. वर्गात मॅडम फळ्यावर कमानी काढून दाखवतात, मोठ्या माणसाला ते लगेच दिसतं, आठ वर्षांच्या मुलाला खूणच दिसते कारण तिच्याखाली आकडा लिहिलाय ना! सापशिडीच्या पटावर तर प्रत्येक घराला नंबर असतो आणि सुरुवात १ पासून, त्यामुळे ती सवयही आड येते.

यावर सगळ्यात सोपा इलाज घरातल्या फरशीवर आहे. पॅसेजमध्ये किंवा गॅलरीत एका ओळीतल्या फरश्या घ्या, खडूने आकडे लिहा, पण फरशीच्या मध्ये लिहू नका, दोन फरश्यांच्या सांध्यावर लिहा. भिंतीला लागून पहिली कडा ती शून्य. एवढ्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे, फरशीच्या मध्ये आकडे लिहिले की परत सापशिडी झाली. मग पोराला शून्याच्या सांध्यावर उभं करा आणि लंगडी घालायला लावा, एक लंगडी एक फरशी, चार फरश्या झाल्या की दोन्ही पाय टेकायचे आणि मोठ्याने म्हणायचं 'एक उडी'. जिथे पाय टेकले तिथे बाटलीचं झाकण ठेवायचं. परत चार, दोन्ही पाय, 'दोन उड्या'. तिसऱ्यांदा पाय टेकतील ते बारावरच, दुसरीकडे टेकणं शक्यच नाही कारण अंग फरशी ओलांडून पुढे गेलेलं असतं. छोटं घर असेल, फरश्या बारा नसतील तर २ × ३, २ × ४ करा.

फरशीवर जमलं की वहीत या. वहीतल्या रेषेवर पेनाने कमान काढायच्या आधी बोटाने मधल्या जागा मोजायच्या. एक चाचणीही सांगते. सहा सेंटीमीटरची पेन्सिल पट्टीवर १ पासून ७ पर्यंत ठेवा आणि किती लांब विचारा. सात म्हणाला तर रेषेचं काम अजून बाकी आहे, सहा म्हणाला तर विषय संपला. (तुमच्या ओळखीतल्या मोठ्या मुलांनाही विचारून बघा, सहावी-सातवीतली पोरं बिनधास्त सात म्हणतात.)

प्रश्न: आम्ही बंगळूरला असतो. मुलगी सीबीएसई शाळेत. ४ × ३ ला तिने रेषेवर चारच्या तीन उड्या काढल्या, टीचरने लाल फुली मारून तीनच्या चार उड्या काढून दिल्या. कोल्हापूरची आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते पोरीचंच बरोबर आहे. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. खरं कोण?

उत्तर: दोघी खऱ्या, फक्त दोघी दोन वेगळ्या पद्धतीने वाचतायत. आजी 'चार त्रिक बारा' म्हणते तेव्हा पाढा चारचा चालू असतो, चार तीनदा घेतले, म्हणून चारची उडी, अशा तीन. टीचर इंग्रजीतून 'फोर टाइम्स थ्री' वाचतात, चार वेळा तीन, म्हणून तीनची उडी, अशा चार. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकातही ४ × ३ असाच दाखवलाय, शून्यापासून निघा, एकावेळी तीन घरं उजवीकडे, अशा चार चाली. त्यामुळे शाळेत टीचरच्या पद्धतीने लिहायला सांगा, कटकट नको, आणि घरी मुलीला कारण नीट सांगा म्हणजे आजीचं चुकलं असंही तिला वाटायला नको.

माझं मत विचाराल तर नुसतं ४ × ३ लिहिलेलं असेल तर तिसरीतल्या मुलीला त्यावरून फुली मारणं जरा जास्तच झालं. शाब्दिक उदाहरण असेल तर मात्र गोष्ट वेगळी. 'तीन पिशव्यांत प्रत्येकी चार आंबे' असं असेल तर उडी चारचीच आणि अशा उड्या तीनच, तिथे उलटं चालणार नाही कारण उडी म्हणजे पिशवी.

आणि एक. दोन्हीकडून उत्तर बाराच का येतं हे रेषेवरून नीट कळत नाही, वर चारच्या कमानी आणि खाली तीनच्या काढल्या तर दोन्ही बारावर भेटतात एवढं दिसतं, पण का भेटतात ते नाही दिसत. त्यासाठी अंड्यांचा ट्रे घ्या, तीस अंड्यांचा, पाच रांगा सहाच्या, आडवा फिरवला की सहा रांगा पाचच्या, आणि अंडी तेवढीच. रेषेला सगळं जमतं असं नाही.

प्रश्न: बाई, मी निवृत्त माणूस, वय ७४, सांगली. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाव, अर्धा ते साडेतीनपर्यंतचे सगळे पाढे पाठ होते. बाजारात कागद-पेन लागत नव्हतं. आता नातू बे चोक आठ सांगायला रेषा काढत बसतो. ही कसली प्रगती? पाढे पाठ करून घ्या, बाकीचं आपोआप येतं.

उत्तर: काका, पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल आपलं भांडणच नाही. चौथीच्या मुलाने सात सक बेचाळीस काढायला रेषा आखायची वेळ आली तर मीसुद्धा वैतागेन. रेषा पाढ्याच्या आधी आणि पाढ्याच्या सोबत आहे, पाढ्याच्या ऐवजी नाही. दुसरीत-तिसरीत बे, तीन, चार, पाच, दहा एवढे पाढे रेषेवर 'चालून' झाले की पुढचे तोंडी म्हणायला हरकत काहीच नाही.

पण 'बाकीचं आपोआप येतं' हे मला पटत नाही. ज्यांना आलं ते आपल्याला आठवतात. पाढे घडाघडा म्हणणारं पोरगं 'सात साते एकोणपन्नास, मग सात आठे किती' याला परत सात एके सात पासून सुरुवात करतं हे तुम्हीही पाहिलं असेल. त्याला ती एक चाल म्हणून पाठ आहे, मधूनच पकडता येत नाही. रेषेवर एकोणपन्नासवर बोट ठेवून अजून एक सातची उडी, छप्पन, हे एकदा दिसलं की पाढा मधूनही सुरू करता येतो, उलटाही म्हणता येतो. आणि एखादी ओळ विसरली तर पाठ करणारा अडकतो, उडी माहीत असलेला शेजारच्या ओळीवरून तिथे जातो.

आता तुमच्याच औटकीवर येते, कारण मला वाटतं रेषेचा खरा फायदा तिथेच जास्त दिसतो. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. तुम्हाला पाठ आहे. नातवाला रेषेवर अर्ध्या-अर्ध्याच्या खुणा करून द्या आणि साडेतीनची उडी मारायला सांगा, पहिली उडी तीन आणि चारच्या बरोबर मधोमध पडेल, दुसरी नेमकी सातावर. तो विचारेल दोन उड्यांनंतर अर्धा कुठे गेला? तिथे थांबा आणि त्यालाच शोधू द्या. दिडकीही तशीच, दीड, तीन, साडेचार, सहा, एक आड एक उडी पूर्ण आकड्यावर. सवायकीत चौथी उडी पाचावर जाऊन बसते. पुढे पाचवी-सहावीत अपूर्णांकांचा गुणाकार येतो तेव्हा हीच मुलं 'छेदाला छेद गुणा' पाठ करतात आणि ३ × १½ म्हणजे साडेचार हे त्यांना दिसत नाही. म्हणजे काका, तुमच्याकडे जे तोंडपाठ आहे त्याचं चित्र नातवाकडे आहे. रोज जेवणाआधी पाच मिनिटं दोघं मिळून एक औटकी म्हणा आणि काढा, तुम्ही म्हणायची, त्याने उडी मारायची. ट्यूशन लावायची गरज पडणार नाही.

प्रश्न: मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. गुणाकार रेषेवर घेतला, पोरांना मजा आली. भागाकाराला मात्र गाडी अडली. १२ ÷ ३ ला पोरं तीनच्या उड्या मारून चार सांगतात, पण 'बारा लाडू तिघांना वाटा' म्हटलं की उड्यांचा आणि वाटण्याचा संबंध लावता येत नाही. बाकी उरली की तर गोंधळच, २३ ÷ ४ = ४, बाकी ७ असं लिहिणारी पोरं आहेत. काही जण आकडेही उलटे वाचतात, ३४ ला त्रेचाळीस. काय क्रम ठेवू?

उत्तर: सर, तुमचा प्रश्न या अंकातला सगळ्यात चांगला आहे, म्हणून जरा लांबण लावते.

भागाकाराच्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. एक, 'बारा लाडू आहेत, एका डब्यात तीन बसतात, डबे किती लागतील?' दुसरी, 'बारा लाडू आहेत, तिघांना सारखे वाटायचे, एकाला किती?' दोन्हीला आपण १२ ÷ ३ लिहितो आणि दोन्हीचं उत्तर चार, पण पहिल्यात चार म्हणजे डबे, दुसऱ्यात चार म्हणजे लाडू. रेषेवरच्या उड्या सरळ सरळ पहिल्या गोष्टीच्या आहेत, उडी म्हणजे डबा. म्हणून सुरुवात डब्यांच्या गोष्टींनी करा, निदान आठवडाभर वाटणी काढूच नका. पुस्तकं बहुतेक वाटणीने सुरू करतात, वाटणी पोरांच्या ओळखीची आहे हे खरं, चिंचोके घेऊन वाटायला ती उत्तमच आहे, पण रेषेवर ती पहिल्या दिवशी बसत नाही.

मग वाटणी रेषेवर कशी आणायची? तिघांना समोर उभं करा आणि एकाला बारा चिंचोके वाटायला द्या. तो कसा वाटेल? एक तुला, एक तुला, एक तुला, ही झाली एक फेरी. एका फेरीत किती चिंचोके गेले? तीन. ती रेषेवर तीनची एक उडी! दुसऱ्या मुलाने त्याच वेळी जमिनीवरच्या रेषेवर तीन पुढे जायचं. दुसरी फेरी, दुसरी उडी. चिंचोके संपले तेव्हा फेऱ्या चार, म्हणजे प्रत्येकाच्या हातात चार. इथे उडी म्हणजे माणूस नाही, उडी म्हणजे फेरी. हे एकदा पोरांच्या लक्षात आलं की 'तीनच्याच उड्या का, माणसं तर तीन आहेत' हा गोंधळ जातो. (हा प्रश्न पोरं विचारत नाहीत, मनातल्या मनात ठेवतात आणि म्हणूनच अडतात.) दुसरा मार्ग कागदाच्या पट्टीचा, बारा सेंटीमीटरची पट्टी कापा, तिचे तीन सारखे भाग होतील अशी घडी घाला, प्रत्येक भाग चारचा निघतो. दोन्ही करून बघा, पण फेऱ्यांचा आधी.

बाकीसाठी माझा आग्रह असा की उलटं चाला. २३ ÷ ४ ला शून्यापासून पुढे गेलात तर २० वर पोचता आणि मग परत वजाबाकी करावी लागते, तेवीस वजा वीस. त्याऐवजी २३ वर उभं राहा आणि चारचार मागे या, १९, १५, ११, ७, ३. आता अजून एक उडी मारता येते का? नाही, शून्याच्या पलीकडे जाऊ. थांबलो कुठे? ३ वर. जिथे थांबलात तोच आकडा म्हणजे बाकी, वेगळं काही काढायचं नाही. उड्या पाच. आणि ज्या पोरांनी ४, बाकी ७ लिहिलंय त्यांना फळ्यावर काही समजावू नका, रेषेवर ७ वर उभं करा आणि विचारा, अजून एक उडी बसते का रे? ते स्वतःच मारतील. बाकी भाजकापेक्षा लहान हा नियम नंतर वहीत लिहिला तरी चालेल. आणि शेवटची उडी बरोबर शून्यावर पडली की बाकी नाही, 'निःशेष' हा शब्द तिथेच सांगून टाका.

तुमच्याकडे दोन वर्ग एकत्र आहेत त्याचा उलट फायदाच घ्या. व्हरांड्यात ऑइलपेंटने कायमची रेषा मारून घ्या, ० ते ३० तरी, दर पाचाला जाड खूण आणि दर दहाला वेगळा रंग. चौथीवाल्यांनी भागाकाराची उडी मारायची आणि तिसरीवाल्यांनी त्याच उड्या परत पुढे मोजून गुणाकाराने तपासायचं. २० ÷ ५ करून एक जण मागे शून्यावर आला की दुसऱ्याने शून्यापासून पाच चोक करत वीसवर जायचं. गुणाकार आणि भागाकार एकमेकांच्या उलट आहेत हे वाक्य न बोलता शिकवून होतं. मूल चुकलं तर इतर पोरं लगेच ओरडतात, तुम्हाला प्रत्येक वही तपासावी लागत नाही, तेवढ्यात दुसऱ्या गटाकडे बघता येतं.

उलटे आकडे वाचण्याचं म्हणाल तर त्यात पोरांची चूक कमीच. मराठीत आपण म्हणतो चौतीस, एकक आधी, आणि लिहितो ३ आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचायची रीत दिली त्यावर केवढा गदारोळ झाला होता, टिंगल पण खूप झाली, मला मात्र त्यामागचा विचार बरोबर वाटला होता. रेषेवर उभं असलेलं मूल ३४ ला त्रेचाळीस म्हणालं तर 'कुठल्या रंगाच्या खुणेच्या पुढे आहेस? तीसच्या. मग तीस आणि किती?' एवढंच विचारा. त्यासाठी अजून दहा-वीस आकडे पुढे रंगवावे लागतील, पण पेंट पुरेल.

प्रश्न: छोट्या संख्यांना हे ठीक आहे हो. ९६ ÷ ४ ला ९६ खुणा काढायच्या का? मुलीने खरंच काढल्या, वहीचं पान आडवं करून, रात्री साडेदहापर्यंत. होमवर्क आहे का शिक्षा?

उत्तर: नाही नाही, ९६ खुणा कुणीच काढायच्या नाहीत! आकडे मोठे झाले की रेषा रिकामी ठेवायची. नुसती आडवी रेघ, डावीकडे ०, आणि खुणा आपण जिथे थांबू तिथेच. उड्याही एकएक मारायच्या नाहीत, गठ्ठ्याने मारायच्या. चारच्या दहा उड्या म्हणजे ४०, एक मोठी कमान काढा, वर लिहा '१० उड्या', खाली ४०. अजून दहा, ८०. आता ९६ ला किती राहिले? सोळा, म्हणजे चार उड्या. एकूण १० + १० + ४ = २४. तीन कमानीत काम झालं. गुणाकारही तसाच, १४ × ६ ला आधी दहाच्या सहा उड्या ६०, मग चारच्या सहा २४, मिळून ८४.

ही रिकामी रेषा नेदरलँड्समधल्या गणित शिक्षणातल्या लोकांनी शाळांत रुजवली, उट्रेख्त हे त्याचं मुख्य ठिकाण. त्यांच्याकडे आधी शंभर मण्यांची माळ असते, दहा मणी एका रंगाचे, दहा दुसऱ्या, मुलं माळेवर मणी सरकवून मोजतात, मग माळेच्या जागी रेघ येते आणि हळूहळू तिच्यावरचे आकडेही जातात. आपल्याकडेही कित्येक शाळांत अशी गणितमाळ लटकलेली असते, बऱ्याचदा नुसती लटकलेलीच.

मुलीला एक सांगा की गठ्ठा कुठला घ्यायचा ते तिने ठरवायचं. कुणी २० उड्या एकदम मारेल, ८०. कुणी दहा, पाच, पाच, चार असं जाईल. सगळं बरोबर. हेच पुढे उभ्या मांडणीच्या भागाकारात येतं, तिथे वर २ लिहितो तो खरं म्हणजे वीस उड्यांचा गठ्ठा असतो, ८० वजा करतो, खाली १६ उरतात, मग ४. ज्यांनी गठ्ठे मारलेत त्यांना 'वरचा आकडा खाली घ्या' हे जादूसारखं वाटत नाही. पण ३७ × ४८ सारखं काही आलं तर रेषा सोडून द्या, तिथे चौकोन पाडून करणं किंवा सरळ उभी मांडणी बरी, उगाच रेषेचा हट्ट नको.

प्रश्न: मुलगी सातवीत. ऋण गुणिले ऋण धन का, असं विचारते. क्लासचे सर म्हणाले नियम आहे, पाठ कर. रेषेवर दाखवता येतं का?

उत्तर: बऱ्यापैकी येतं. २ × (−३) तर सोपं आहे, तीनची उडी पण डावीकडे, अशा दोन, −६ वर. लिफ्टमध्ये तळमजला शून्य धरा, तीनतीन मजले खाली दोनदा. खरा प्रश्न (−२) × (−३) चा. इथे एक ठरवून घ्यायचं, पहिल्या आकड्याचं चिन्ह सांगतं तोंड कुठे करायचं आणि दुसऱ्याचं चिन्ह सांगतं पुढे चालायचं की मागे. −२ आहे म्हणून तोंड डावीकडे. −३ आहे म्हणून उलट्या पावली तीन. डावीकडे तोंड करून उलट्या पावली चाललं की माणूस उजवीकडे जातो! दोनदा, सहावर. तिला खरंच चालून बघायला सांगा.

पण हे ठरवून घेतलेलं आहे हे सातवीतल्या मुलीला जाणवतं, ती म्हणेल असंच का ठरवायचं? मग तिला ही ओळ लिहायला सांगा: ३ × (−३) = −९, २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ०. पुढचं (−१) × (−३) काय यावं? प्रत्येक पायरीला उत्तर तीनने उजवीकडे सरकतंय, तर शून्यानंतर तीनच यायला हवेत, नाहीतर ओळ मोडते. हे जास्त पटतं असा माझा अनुभव आहे.

क्लासच्या सरांना सांगायचं असेल तर हेही सांगा की ऋण संख्यांवर मोठमोठ्या लोकांनाही विश्वास बसत नव्हता. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६८५ मध्ये छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात रेषेवर चालणारा माणूसच घेतलाय, पाच यार्ड पुढे गेला, आठ यार्ड मागे आला, आता कुठे आहे? निघाला तिथून तीन यार्ड मागे, म्हणजेच −३. तुमच्या मुलीचा प्रश्न चांगल्या घराण्यातला आहे.

आता उरलेले छोटे.

मुलगा पाच वर्षांचा आहे, आत्तापासून रेषा सुरू करू का, असं दोघीतिघींनी विचारलंय. गुणाकारासाठी अजिबात नको. या वयात सरळ एका ओळीतल्या घरांचा पट घ्या, १ ते १० आकडे लिहिलेला, फासा टाका आणि सोंगटी सरकवताना आकडे मोठ्याने म्हणा. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या संशोधकांनी अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर असंच करून पाहिलं होतं, २००८ च्या सुमाराला, आणि असा साधा पट खेळून मुलांची आकड्यांची समज सुधारली होती. पट सरळ असू द्या, सापशिडीत ओळ दर दहाला उलटी फिरते.

वहीत रेषा नीट स्केलने सारख्या अंतरावर काढायलाच हवी का? खुणांची रेषा असेल तर हो, चौकटीची वही वापरा म्हणजे अंतर आपोआप सारखं येतं. रिकामी रेषा असेल तर अंदाजे चालतं, फक्त दहाची कमान चारच्या कमानीपेक्षा लहान दिसता कामा नये.

३ ÷ ½ = ६ कसं, भागल्यावर उत्तर वाढलं कसं? तीन लिटर दूध आणायचंय आणि दुकानात अर्ध्या लिटरच्याच पिशव्या आहेत, किती घ्याल? रेषेवर अर्ध्याअर्ध्याच्या उड्या, ३ पर्यंत सहा. उडी एकापेक्षा छोटी झाली की उड्या जास्त लागणारच.

आणि शेवटचा, एका चौथीतल्या मुलाने स्वतः पाठवलाय, आईच्या फोनवरून: ५ ÷ ० किती? बाळा, पाचवर उभा राहा आणि शून्याच्या उड्या मार मागे. एक मारलीस, कुठे आहेस? पाचवरच. शंभर मारल्यास? पाचवरच. शून्यावर कधीच पोचणार नाहीस, म्हणून 'इतक्या उड्या लागल्या' असं उत्तरच देता येत नाही आणि म्हणून शून्याने भागत नाहीत, कॅल्क्युलेटरही एरर दाखवतो. ० ÷ ५ मात्र येतं हं, तू आधीच शून्यावर उभा आहेस, एकही उडी मारायची नाही, उत्तर ०. आता ० ÷ ० चं काय ते तूच शोध आणि आईच्या फोनवरून कळव.